डेटा सेंटरच्या फाटकावर पाण्याचा आकडा लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी मुंबईत येणाऱ्या डेटा सेंटरच्या, म्हणजे हजारो संगणक अहोरात्र चालवणाऱ्या इमारतींच्या, बातम्या मी आपल्या दैनिकात नेमाने वाचतो. किती हजार कोटींची गुंतवणूक, किती मेगावॅट क्षमता, भूमिपूजन कोणाच्या हस्ते, हे सगळे त्यात असते. रोज किती लिटर पाणी लागणार, हे मात्र मला आजवर एकाही बातमीत सापडले नाही. त्या एका आकड्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी कोपरखैरण्यात राहतो. ठाणे-बेलापूर रस्त्याकडेच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्याच्या युटिलिटी विभागात तीस वर्षांहून जास्त काळ नोकरी केली. युटिलिटी म्हणजे बॉयलर, कॉम्प्रेसर, चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) आणि कूलिंग टॉवर. माल बनवणारे वेगळे. त्यांना वाफ, हवा आणि थंड पाणी पुरवणारे आम्ही. त्यामुळे कोणतीही नवी इमारत दिसली की माझी नजर आधी तिच्या गच्चीवर जाते. महापे, रबाळे, ऐरोलीकडे आज जुन्या कारखान्यांच्या भूखंडांवर डेटा सेंटरच्या ज्या बिनखिडक्यांच्या उंच इमारती उभ्या राहत आहेत, त्यांच्या गच्चीवर काय आहे हे मला लगेच कळते. चिमणीतून धूर येत नाही, नाल्यात रंगीत पाणी सुटत नाही, म्हणून या इमारती स्वच्छ आहेत असे शेजारच्या वसाहतीतल्या लोकांना वाटते. पण ज्या यंत्रात वीज जाते त्या यंत्रातून तेवढीच उष्णता बाहेर पडते. संगणक त्याला अपवाद नाही. शंभर मेगावॅटचे डेटा सेंटर म्हणजे अहोरात्र शंभर मेगावॅट उष्णता सोडणारी भट्टी आहे, आणि ती उष्णता कुठेतरी टाकावीच लागते.

ती टाकण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पाण्याची वाफ करणे. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने कूलिंग टॉवरमधले पाणीही गार होते: थोडे पाणी वाफ होऊन उडते आणि उरलेल्या पाण्यातली उष्णता सोबत घेऊन जाते. किती पाणी उडते हे निसर्गनियमाने ठरलेले असते, त्यात कंपनीच्या इच्छेचा भाग नाही. एक लिटर पाणी उडाले की साधारण ०.६७ युनिट (विजेच्या मीटरवरचे तेच युनिट) उष्णता जाते. एक मेगावॅट म्हणजे तासाला हजार युनिट. म्हणजे तासाला दीड हजार लिटर, दिवसाला ३६ हजार लिटर पाणी नुसते उडून जाणार. पाणी उडते पण त्यातले क्षार मागे राहतात, म्हणून टॉवरच्या टाकीतले खारट झालेले पाणी सतत थोडे थोडे काढून टाकावे लागते. आम्ही त्याला ब्लोडाऊन म्हणतो. क्षार मूळ पाण्याच्या चौपट होऊ दिले तर त्यात आणखी १२ हजार लिटर जातात. एकूण ४८ हजार. दहा हजार लिटरचे जवळजवळ पाच टँकर, रोज, एका मेगावॅटमागे.

शंभर मेगावॅटला हाच हिशेब ४८ लाख लिटरवर जातो. केंद्र सरकारच्या निकषाप्रमाणे शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळायला हवे. म्हणजे सुमारे साडेपस्तीस हजार माणसांचे पाणी झाले. हिवाळ्यात काही उष्णता नुसत्या हवेने निघून जाते, तेव्हा आकडा उतरतो. उलट चिलरच्या कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता त्यात भर घालते. शिवाय कोणतेही सेंटर पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमतेने चालत नाही. त्यामुळे कोणत्या सेंटरला प्रत्यक्षात किती पाणी लागते ते मी घरी बसून सांगू शकत नाही. ते मीटर सांगतो. एमआयडीसीच्या प्रत्येक जोडणीवर मीटर आहे आणि दर महिन्याला त्याचे बिल निघते. आकडा कागदावर आहेच, तो फक्त लोकांसमोर यायचा राहिला आहे.

यावर कंपन्यांकडून येणारे उत्तर मला माहीत आहे: आम्ही आता एअर-कूल्ड चिलर बसवतो, आमच्याकडे कूलिंग टॉवरच नाही, पाणी जवळजवळ लागत नाही. हे उत्तर खोटे नाही. अशी सेंटर आहेत आणि त्यांची संख्या वाढते आहे. पण इथेच आमच्या धंद्यातल्या माणसाने बोलले पाहिजे, कारण हिशेब इथे संपत नाही. हवेने थंड करायचे म्हटले की चिलरला जास्त वीज लागते, आणि मे महिन्याच्या उकाड्यात तर खूपच जास्त. ती वीज येते कुठून? आपल्याकडे निम्म्याहून बरीच जास्त वीज अजूनही कोळशातून येते. औष्णिक केंद्रालाही कूलिंग टॉवर असतात, आपल्या टॉवरपेक्षा कितीतरी मोठे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांवर मर्यादा घातली, ती मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर पाण्याची. म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर. शंभर मेगावॅटचे सेंटर दिवसाला २४ लाख युनिट घेते. ती सगळी वीज कोळशाची धरली तर ८४ लाख लिटर पाणी औष्णिक केंद्रावर खर्च होते.

म्हणजे महाप्यातल्या टॉवरचे पाणी वाचले तरी चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या टॉवरमधून हे पाणी उडतच राहते, आणि हवेने थंड करायच्या जादा विजेमुळे ते आणखी वाढते. २०१५ च्या जुलैत परळीचे औष्णिक केंद्र बंद करावे लागले होते. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती. दुष्काळामुळे पाणी नव्हते. मराठवाड्यातल्या वाचकांना ते वर्ष आठवत असेल. मुंबईच्या खाडीकाठी बसून आपण संगणकावर एक बटण दाबतो, त्याचा धागा तिथपर्यंत जातो हे आपल्या बातम्यांत कधी तरी यायला हवे. आणि कोळशाच्या राखेचे काय? कोराडीच्या केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राखेचे पाणी शेतात, नदीत गेले. त्या गावकऱ्यांनी कोणतेही डेटा सेंटर मागितले नव्हते.

‘आम्ही हरित वीज घेतो’ हेही एक उत्तर असते. बहुतेक वेळा याचा अर्थ असा की वर्षभरात जितकी युनिट वापरली तितकी सौर किंवा पवन वीज कुठे तरी तयार करून ग्रीडमध्ये सोडली. तेही चांगलेच आहे, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण डेटा सेंटरचा भार रात्री उतरत नाही आणि सूर्य मावळतो. रात्री दोन वाजता त्या इमारतीला जी वीज जाते तिचा मोठा हिस्सा कोळशाचाच असतो. शंभर मेगावॅटचे सेंटर पूर्ण भाराने वर्षभर चालले तर साडेसत्त्याऐंशी कोटी युनिट होतात. देशाच्या ग्रीडची सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरली तर सहा लाख टन. हा एका इमारतीचा हिशेब आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, ती २०३० पर्यंत ९४५ अब्जांच्या आसपास जाईल. या वाढीमागचे मोठे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता आहे.

एवढे वाचून कोणी मला यंत्राचा विरोधक समजू नये. मी आयुष्यभर यंत्रांजवळ काढले आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने पर्यावरणाचे भले होते हे मला माझ्याच कामातून पटते. २०१६ मध्ये गूगलने डीपमाइंड या आपल्या कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीची प्रणाली डेटा सेंटरच्या कूलिंगवर लावली आणि कूलिंगची वीज ४० टक्क्यांपर्यंत घटली असे जाहीर केले. बाहेरच्याला हा आकडा फुगवलेला वाटेल, पण मला वाटत नाही. आम्ही दर दोन तासांनी लॉगबुकात तापमान, दाब, अँपिअर लिहायचो आणि अनुभवाने ठरवायचो की एक पंखा बंद करावा की नाही. डिसेंबरच्या पहाटे हवा इतकी गार असते की टॉवरचे निम्मे पंखे बंद ठेवले तरी चालते. पण तीन चिलर, पाच पंप आणि सहा पंखे यांची कोणती जुळणी त्या घडीला सर्वांत कमी वीज खाईल, हे कोणत्याही माणसाला दर पाच मिनिटांनी मांडता येत नाही. यंत्राला येते. टीटीसीतल्या प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आणि मॉलमध्ये असे नियंत्रण बसले तर जेवढी वीज वाचेल तिचा मला खरोखर आनंद होईल.

माझा मेहुणा इंदापूर तालुक्यात ऊस करतो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग सुरू केला, त्याबद्दल त्याच्या गावात फार बोलले जाते. शेतात हवामान केंद्र, मातीत संवेदक (सेन्सर), वरून उपग्रहाची चित्रे. या सगळ्याचा मेळ घालून शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत निरोप येतो, आज पाणी द्या किंवा देऊ नका, अमुक खत एवढेच टाका. मेहुण्याच्या शेजाऱ्याने हे घेतले आहे. मी दिवाळीत गेलो तेव्हा त्याच्या रानात उभा राहून पाहिले. पूर्वी पाण्याची पाळी आली की गरज असो नसो पाणी सोडले जायचे, कारण पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नसायचा. आता वाफसा, म्हणजे मातीत पुरेसा ओलावा, आहे की नाही ते मातीतला संवेदक सांगतो. पाणी निम्म्यापर्यंत वाचते आणि उतारा वाढतो असे प्रयोग करणारे सांगतात. निम्मे सोडा, चौथाई वाचले तरी उजनी धरणाच्या पाण्यावर डोळे लावून बसलेल्या गावांना ती मोठी गोष्ट आहे. मेहुण्याला मी एकच विचारले, वाचलेले पाणी जाते कुठे? तो म्हणाला, “दाजी, अजून अर्धा एकर लागण केली की त्यानं.” त्याला मी दोष देणार नाही, उसाला भाव आहे आणि कारखाना दारात आहे. पण वाचवलेले पाणी नदीत राहावे असे वाटत असेल तर त्याचा नियम सरकारला करावा लागेल, मोबाइलवरचा निरोप ते काम करणार नाही.

ताडोबाच्या शेजारच्या गावांत कॅमेरे बसवले आहेत, वाघ गावाच्या दिशेने आला की यंत्र ओळखते आणि गावकऱ्यांना इशारा जातो. माणूसही वाचतो, वाघही वाचतो. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत आणि २९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्रही आहे. वाघाला सांभाळणाऱ्या कॅमेऱ्याला लागणारी वीज नगण्य आहे. डेटा सेंटरच्या ज्या वीजभारासाठी जंगलाच्या कडेच्या खाणी चालत राहतील तो भार नगण्य नाही. म्हणून ‘कृत्रिम बुद्धिमत्ता चांगली की वाईट’ असा वाद मला निरर्थक वाटतो.

यंत्रमानवाबद्दलही हेच. तिरुवनंतपुरममधल्या तरुण अभियंत्यांनी मॅनहोलमध्ये उतरून गाळ काढणारा यंत्रमानव केला, तो २०१८ पासून वापरात आहे. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यावर बंदी आहे, तरी गटारात गुदमरून माणसे मरतात. बंदिस्त टाकीत उतरण्याआधी वायू तपासण्याचे काम मी केले आहे, आत काय असते ते मला ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक महापालिकेने असे यंत्र घ्यावे, त्याच्या विजेबद्दल कोणीही तक्रार करणार नाही. राजस्थान आणि गुजरातच्या सौर प्रकल्पांत पॅनेलवरची धूळ कोरड्या ब्रशने पुसणारे यंत्रमानव आहेत. वाळवंटात पॅनेल धुवायला लागणारे पाणी त्यांनी वाचवले. असे प्रत्येक यंत्र यावे.

आक्षेप एवढाच आहे की लाभाचे आकडे मोठ्या अक्षरांत छापले जातात आणि खर्चाचे आकडे कपाटात राहतात. किंवा असे आकडे दिले जातात ज्यांचा गावाला उपयोग नाही. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की त्यांच्या जेमिनी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला विचारलेल्या एका साध्या प्रश्नाला ०.२४ वॉट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर पाणी लागते. पाच-सहा थेंब. ते खरे असेल. पण एमआयडीसीची जलवाहिनी प्रश्नांवर चालत नाही, दशलक्ष लिटरवर चालते. माझ्या शहरात या इमारतीला रोज किती, एवढेच मला हवे आहे.

हे मागणे जगावेगळे नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्यात कोलंबिया नदीकाठी द डॅल्स नावाचे लहान शहर आहे. तिथल्या गूगलच्या डेटा सेंटरला किती पाणी जाते, हे ‘द ओरेगोनियन’ या वृत्तपत्राने २०२१ मध्ये विचारले. ते व्यापारी गुपित आहे असे सांगून नगर प्रशासन उलट न्यायालयात गेले. वर्षभराहून अधिक काळ झगडा चालला आणि २०२२ च्या अखेरीस आकडे उघडे करावे लागले. शहराच्या एकूण पाण्यापैकी चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी त्या एका ग्राहकाला जात होते. एका वृत्तपत्राने हे करून दाखवले, म्हणून संपादक महाशय, मी हे पत्र मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे. युरोपीय संघाने तर कायदाच केला: ५०० किलोवॅटच्या वरच्या डेटा सेंटरने वीज आणि पाणी दोन्हींचा हिशेब दर वर्षी कळवायचा. आपल्या राज्याने २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना सवलती दिल्या आहेत. सवलत सरकारच्या, म्हणजे आपल्या पैशातून जाते. तिच्या बदल्यात निदान हिशेब मागायला काय हरकत आहे?

आमच्या कारखान्याच्या फाटकावर एक फलक होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानंतर घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांना तो लावावा लागला. कोणती रसायने किती, सांडपाणी किती, हवेत काय सोडतो, सगळे रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता यावे म्हणून. त्या फलकावरचे काही आकडे आमच्या विभागाच्या लॉगबुकातून जात, त्यामुळे ते नीट असावेत याची आम्हाला काळजी असे. पाण्याचा आकडा वाढला की व्यवस्थापक खाली येऊन विचारायचे, गळती कुठे आहे. लोक वाचतात म्हटले की आत बचत होते, हे मी स्वतः पाहिले आहे. माझ्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर ज्या डेटा सेंटरची फाटके लागतात त्यांवर मला असा फलक दिसत नाही. तो असावा. मागच्या महिन्यात पिण्यायोग्य पाणी किती घेतले, पुनर्प्रक्रिया केलेले किती, वीज किती युनिट, डिझेल जनरेटर किती तास चालले, ब्लोडाऊन कुठे सोडले. जनरेटरचा मुद्दा किरकोळ नाही. अशा इमारतींना वीज गेली तरी थांबता येत नाही, म्हणून मोठमोठे डिझेल जनरेटर रांगेने बसवलेले असतात आणि चाचणीसाठी ते अधूनमधून चालवावेच लागतात. ब्लोडाऊनही किरकोळ नाही; त्यात क्षार आणि शेवाळ मारायची रसायने असतात, आणि पलीकडे ठाणे खाडी आहे. तिथल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे.

दुसरी मागणी आणखी सोपी आहे, कारण तिच्यासाठी पैसे आधीच खर्च झाले आहेत. नवी मुंबई महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोली येथे प्रत्येकी दिवसाला २ कोटी लिटरचे तिसऱ्या टप्प्यातील प्रक्रिया प्रकल्प उभारले, ते मलनिस्सारणाचे पाणी आणखी शुद्ध करून एमआयडीसीतल्या उद्योगांना देण्यासाठीच. कूलिंग टॉवरला पिण्याचे पाणी लागत नाही. प्रक्रिया केलेल्या पाण्यावर टॉवर चालवता येतो. पाण्याचा कठीणपणा काढणारा सॉफ्टनर नीट ठेवावा लागतो, रसायनाचा डोस सांभाळावा लागतो, पाइपात गाळ धरतो त्याकडे लक्ष द्यावे लागते. थोडा जास्त त्रास आहे, पण ज्या कंपन्या जगातले सर्वांत गुंतागुंतीचे संगणक सांभाळतात त्यांना सॉफ्टनर सांभाळता येईल. एमआयडीसीचे पाणी बारवी धरणातून येते. त्या धरणाची उंची वाढवताना गावे उठली आहेत. दिघ्याच्या चाळींमध्ये शटडाऊनच्या दिवशी बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. ते पाणी टॉवरमधून हवेत सोडायचे असेल तर आधी या दोन प्रकल्पांचे पाणी संपलेले असले पाहिजे.

शेवटी आपल्याला एक विनंती. पावसाळ्यात आपण रोज धरणांच्या साठ्याची चौकट छापता आणि आम्ही वाचक सकाळी आधी तीच पाहतो. तिच्या शेजारी महिन्यातून एकदा टीटीसी पट्ट्यातल्या डेटा सेंटरच्या पाण्याची आणि विजेची चौकट छापा. एमआयडीसी, महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज आपल्या वार्ताहराने केला तर त्याला वजन येईल. कागद हाती आले की मेकअप (टॉवरमध्ये भरलेले नवे पाणी), ब्लोडाऊन आणि विजेचा भार यांचा मेळ बसतो की नाही हे तपासायला आमच्यासारखे निवृत्त ऑपरेटर या शहरात पुष्कळ आहेत. मी स्वतः येईन, आणि जुने सहकारीही घेऊन येईन. त्यासाठी आपल्या कार्यालयात एक टेबल द्यावे, मानधन नको.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त युटिलिटी ऑपरेटर
कोपरखैरणे, नवी मुंबई
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे.)